नजर

सावद्याला केळीच्या चेंबरवर
रात्रपाळीला मी एकटा.
आत अठरा अंश. बाहेर बारा वाजून गेले तरी
भिंत तव्यासारखी.
दर दोन तासांनी काचेतून बघायचं,
वहीत आकडा मांडायचा,
मग खिशातलं दुसरं चेंबर उघडायचं.

तिथं माझी अंडी.
एक शेवाळी, दोन राखाडी,
एक गाभुळल्या चिंचेच्या रंगाचं.

ड्रॅगन म्हणतात त्यांना. आई म्हणते सरडे.
"बत्तीस वर्षांचा घोडा झाला, अन् सरडे पाळतो."
तिच्या फायलीत मुलींचे बायोडाटे :
कूळ, मामेकूळ, उंची, पॅकेज.
एकदा तिला दाखवलं, माझ्याकडेही आहे असंच.
हा कळणा, ही त्याची आई झिपरी,
तिचे आईबाप, त्यांचे आईबाप,
सात पिढ्या सरळ, कुठं नात्यात नातं नाही.
तिनं चष्मा लावला, बोटानं वर वर सरकत गेली,
म्हणाली, "याची आजी बरी दिसते घरंदाज."

नाव ठेवायला 'तापी' मिळाली नाही,
जगात कुणीतरी आधीच घेतलेली.
'पूर्णा'ही गेलेली.
शेवटी ठेवलं 'सुकी',
आमची नदी, चार महिने सोडले तर नुसते गोटे.
तिला कुणी हात लावला नव्हता.

सुकीसाठी स्थळ आणलं
दुपारी तीनलाच अंधार पडतो अशा एका गावाहून.
चौदा महिने मागे लागलो होतो त्या माणसाच्या.
पांढराशुभ्र नर, डोळ्याभोवती काजळ.
तीनदा नकार. तीनदा नुसतं शेजारी बसून उठले.
चौथ्यांदा एक अंडं,
आणि मी वहीत तापमानाच्या रकान्यात
तारीख लिहून बसलो.

या अंड्यांना ऊब नाही लागत,
नजर लागते.
माणसांनी येऊन बघावं लागतं,
जितके डोळे तितकी चीर.
नाही बघितलं कुणी, तर आतल्या आत जातं.

परवा लाईट गेली, टॉवर गेला,
जनरेटरवर चेंबर चाललं, माझं अंडं नाही.
पहाटे रेंज आली तेव्हा सहा तास उरलेले.
गाडी भरायला आलेल्या रमजान तडवीला म्हटलं,
"भाऊ, एवढं उघड अन् नुसतं बघ."
त्यानं बघितलं. त्याच्या टोळीनं बघितलं.
ड्रायव्हर गुरमेजनं लुधियानाला पाठवलं,
तिथून कुठं गेलं देव जाणे.
केळीची पानं दाबत, घाम पुसत
सगळे विचारायचे, "फुटलं का रे?"

फुटलं नाही. मऊ पडलं.
एवढ्या डोळ्यांचं ओझं
कवचाला झेपलं नाही.
आता एकच उपाय होता, झाकून ठेवणं.
कुणी बघायचं नाही. मीसुद्धा नाही.
इतकं अवघड काम चेंबरनं मला कधी दिलं नव्हतं.

सकाळी घरी आलो, फोन ओट्यावर ठेवला.
आईनं विचारलं नाही काही.
मूठभर मीठ-मोहरी, दोन लाल मिरच्या,
फोनवरून तीनदा उतरवून
तिनं चुलाण्यात टाकल्या.
तडतड आवाज झाला. ठसका मात्र आला नाही कुणालाच.
"लागली होती," ती म्हणाली,
अन् भाकरी थापायला बसली.

फोन तिथंच पडलेला, पालथा.
मी हात धुतले.
मी जेवायला बसलो.