फरक स्पष्ट करा : गुण चार

पट्टी धरून मधोमध उभी रेघ मारायची.
डावीकडे खार, उजवीकडे मुशी.
बारावीत मी मोठ्यानं पाठ करायचे
आणि नाना, कॉलेजच्या प्राणिशास्त्राचे शिपाई,
बुटाची नाडी सोडत म्हणायचे, वाच की पुन्हा.

खार झाडावर राहते. मुशी समुद्रात.
खारीला हाडं. मुशीला नुसती कुर्चा,
कानाच्या पाळीसारखी, वाकवली की वाकणारी.
खारीचे दात मरेपर्यंत वाढतात.
मुशीचे पडतात, मागची रांग पुढे सरकते,
रॉकेलच्या रांगेसारखी.

घरी आम्ही तेलुगू. खारीला म्हणायचो उडुता.
मुशीसाठी आजीकडे शब्दच नव्हता.
विड्या वळता वळता ती विचारायची,
एवढं पाणी कशाला लागतं तिला?
आमच्या पाच पिढ्या मागावर बसलेल्या,
पाणी बघितलं ते रंगाच्या हौदातलं.

समुद्र सोलापुरात यायचा रत्नागिरीहून,
एसटीच्या टपावर, निळ्या पिंपात,
डोळ्यांना झोंबत.
नाना उतरवून घ्यायचे, मोजायचे.
दीड वीत अंग, पाठ अशी खरखरीत
की सुतारानं लाकूड घासायला नेली असती.
"खारलेली ती मुशी," म्हणायचे,
"आणि खार बघ, गोड्या शेंगांवर पोसलेली!"
हसायचे एकटेच.

मार्चातलं प्रॅक्टिकल. सर रजेवर.
नानांनीच पोट उघडलं.
आत सहा पिल्लं, नाळेसकट.
पोरं पुढं वाकली, मग गप्प झाली.
कात्री हातात तशीच.
खिडकीबाहेर लिंबावर एक खार
टॉवेलच्या कारखान्यातला गुलाबी चुरा
तोंडात कोंबून वर नेत होती,
खाली येत होती, पुन्हा नेत होती.

साठा नोंदवहीत होतं : मुशी, नग एक.
नानांनी एक खोडला, सात लिहिले,
शेजारी सही केली, येमुल.

ऑडिटला आलेल्या साहेबांनी विचारलं,
उरलेल्या सहा कुठायत?
नानांनी बरणी पुढे केली.
"आईपाशी हायत, साहेब."

चाचणीत तोच प्रश्न आला.
चार मुद्दे लिहिले, वेळ उरला होता.
पाचवा सुचला : पिल्लं पोटात वाढतात, नाळेला.
डावीकडे लिहू की उजवीकडे, कळेना.
रेघेवरच लिहिला.

बाईंनी लाल पेनानं विचारलं, हा फरक आहे का?
साडेतीन दिले.