आर्थिंग

घरात रेडिओ नाही.
आहे तो मामाचा टर्नटेबल,
मस्कतहून गोणपाटात गुंडाळून आणलेला,
आणि लोखंडी कपाटावर दोन स्पीकर.
सातला मी सुई टेकवतो.
पंधराव्या मिनिटाला सारंगीवाला गज उचलतो,
क्षणभर थांबतो,
आणि त्या थांबण्यातून बाई बोलते:
रत्नागिरी ते वेंगुर्ला, वारे ताशी चाळीस,
कधी पन्नास ते साठ,
मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

दाऊद फणसोपकर आला. मिरकरवाड्यातले
होड्यांचे वायरलेस, मासे दाखवणारी यंत्रं
त्याच्याच हाताखालून जातात.
टॉर्च दातांत धरून टेबलामागे शिरला,
तिथूनच म्हणाला,
"मास्तर, ही तार आहे की गरीचा दोर?
एवढी लांब ठेवलीत, तिला कान फुटले."

मग प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला.
पितळावर हिरवं फूल.
खारा वारा खिडकीतून येतो, सांध्यात बसतो,
आणि गंजला सांधा, दाऊद म्हणाला,
आपणहून रेडिओ होतो.
त्याला बॅटरी लागत नाही, बटण लागत नाही.

म्हणजे समुद्रानंच
माझ्या घरात केंद्र उघडलेलं,
आणि त्यावरून तो सांगत होता
माझ्याकडे येऊ नका.

आमसूल घेऊन आलो तर ओरडला, "समई आहे का ही?"
स्पिरिट, जुना टूथब्रश.
तार कापून हातभर केली.
सुईच्या मागचे चार धागे, लाल पांढरा निळा हिरवा,
केसाएवढे,
श्वास रोखून एकेक चिमट्यानं घट्ट केले.
भंगारातल्या कॉम्प्युटरचं काळं फेराइटचं कडं,
त्यातून तारेचे तीन वेढे,
दृष्ट लागू नये म्हणून बांधावेत तसे.

तरी गुणगुण राहिलीच.
बाई गेली,
तिच्या मागे एक माशी राहिली.

"जमीन कुठाय तुमची?"
जमीन म्हणजे जांभा. वैशाखात
त्याच्यात वीजसुद्धा उतरायला राजी नसते.
माडाच्या आळ्यालगत पहारीनं कमरेएवढा खड्डा,
तांब्याची पट्टी, कोळसा,
आणि जाड्या मिठाची अर्धी गोण.
प्लगमधून चिमूटभर काढलं
ते परसात गोणीनं पुरलं.
दाऊदला हसू आलं. मला लगेच नाही आलं.
वरून दोन कळशा पाणी.

हिरवी तार खिडकीच्या गजाखालून आत आली,
ॲम्प्लिफायरच्या पेचाखाली बसली,
माशी गेली.

पैसे नाही घेतले त्यानं. बिनदुधाचा चहा घेतला,
चपला घालता घालता म्हणाला,
"आता हवामान हवं तर मला फोन करा."

आज सात. सुई टेकते.
पंधरावं मिनिट. गज उचलला जातो.
त्या जागी काय आहे ते आता ऐकू येतं:
सारंगीवाला नाकानं श्वास घेतो.
कुणाची तरी बांगडी लाकडाला लागते.
एवढी वर्षं हे इथंच होतं.

आणि माझे ओठ, मी न सांगता,
पन्नास ते साठ.

बाहेर झावळ्या हलताहेत.
किती, ते कळत नाही.
बादली भरून ठेवली आहे,
आळ्याला आणि खड्ड्याला
मिळून एकच.