उजवा, डाव्यावरून

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
खाली गास्केटचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या.
रबराचा वास जिन्यातून वर येतो, बसतो.

शालन डुंबरे डावा हात टेबलावर ठेवतात,
कासारापुढे ठेवावा तसा.
हलू नका, मी म्हणतो,
आणि निळा उजेड घेऊन हाताभोवती फिरतो.
पडद्यावर आधी मनगट उगवतं,
मग अंगठ्याचा उंचवटा,
करंगळीखाली तेलाचा जुना चटका.
नखांवरची मेंदी येत नाही.
यंत्राला रंग कळत नाही, फक्त चढउतार.

मग उजवा. कोपराखाली चार बोटं, तिथे संपतो.
पदरातून निघायला वेळ घेतो.
निघतो आणि थरथरतो, स्कॅनर माग हरवतो.
तीनदा.
"मूठ वळतेय माझी," त्या म्हणतात. "थांबा, सोडते."
मी थांबतो.
कुठे बघू ते मला कळत नाही.
चौथ्यांदा नीट येतं.

पुढचं सोपं. डावा उचलायचा,
आरशात धरायचा, एका क्लिकमध्ये उजवा.
चटकाही पलीकडे गेला.
"पुसू?"
"पुसा. तेल डाव्यावर उडालं होतं.
उजव्याला आधी काही झालं नव्हतं."
मी पुसतो. जागा गुळगुळीत होते,
कधी कुणी काही तळलंच नसावं इतकी.

"कशाचा करणार?"
प्लॅस्टिकचा, मी शब्द जपून ठेवतो.
"प्लॅस्टिक म्हणजे कुठलं?"
नायलॉन.
"किती डिग्रीला?"
दोनशे पन्नास.
"आमची बादली दोनशे वीसला पडायची," त्या म्हणतात,
"मिनिटाला दोन. अकरा वर्षं.
साचा बंद होताना एक आवाज यायचा.
त्या दिवशीही आलाच असेल."
पुढे बोलत नाहीत.
खालचं मशीन तेवढं बोलत राहतं.

नवव्या दिवशी हात तयार.
मी पट्टे, दोऱ्या, बोटं कशी मिटतात, सगळं सांगतो.
त्या ऐकत नाहीत. ट्यूबलाइटखाली हात उलटा धरतात,
डाव्या अंगठ्याने कड चाचपतात
मनगटापासून तर्जनीपर्यंत, सावकाश,
आणि एका जागी थांबतात.
"इथे फ्लॅश राहिलाय. ब्लेड आहे?"

नवा उजवा टेबलावर आडवा,
उरलेल्या उजव्याने दाबून धरलेला.
डाव्याने पातं चालतं, न थांबता.
कडेवरून निघतो एक धागा, पांढरा, केसाएवढा,
गुंडाळत जातो, तुटत नाही.

त्या फुंकर मारतात.
पुन्हा अंगठा फिरवतात.
"हां," म्हणतात, "आता पास."
आणि मग बाही वर करतात.