काटा

हळदीच्या पेठेत मी तोलार, वीस वर्षं.
माझं सगळंच पिवळं:
नखं, रुमाल, डब्याची कडी,
आणि वरच्या खिशातलं ते घडीचं पत्रक,
मिरजेच्या आमच्या पाळकांनी दिलेलं,
‘शांतवन, एकाला तरी दे.’

कुणालाच दिलं नाही.
घडीवर फाटलं, खळीनं चिकटवलं, परत फाटलं.
आता त्यातला ‘तारण’ तेवढा वाचता येतो.

लाज वाटत होती, असं नाही.
पण ज्याच्या पाठीवर पोतं आहे
त्याला थांबवून काय सांगणार?
आणि पोतं उतरलं की त्याला चहा हवा असतो.

काल दुपारी पत्र्याच्या सावलीत डबे सोडताना
बिरू लवटेनं विचारलं,
‘डोळं झाकून काय पुटपुटतोस रं रोज?’

‘आभार मानतो.’
‘भाकरीचं?’
‘भाकरीचे. आणि...’

आणि इथं मला ती साक्ष आठवेना
जी तरुण संघात उभा राहून मी घडाघड म्हणायचो:
आधी अंधार, मग उजेड, मग टाळ्या.
तोंडातून निघालं भलतंच.

‘महापुराच्या आदल्या साली
मी काट्याच्या वजनात शिसं भरलं होतं, बिरू.
पेढीवाल्यानं सांगितलं, मी भरलं.
पोत्यामागं सव्वा किलो.
रात्री प्रार्थनेला बसलो की
गुडघ्यांना ते शिसं कळायचं.
मग काढलं. जुन्या पट्ट्या शोधल्या,
सायकलवर आष्टा, वाळवा, दुधगाव,
ज्याचे त्याचे पैसे देत फिरलो.
एकानं चहा पाजला.
एकानं कानफटात दिली, ती अजून वाजते.’

बिरूनं कांदा फोडला.
‘म्हाईत हाय.’

‘काय माहीत आहे?’

‘पोतं मी उचलत हुतो न्हवं?
माझी पाठ एक सांगायची, तुझा काटा एक.
पाठ काय खोटं बोलती?
गप बसलो. माझं बी पोट त्याच पेढीवर.’
मग कांद्याची पात चावत, माझ्याकडं न बघता,
‘पन एक दिस दोनी सारखंच सांगाय लागलं.
तवापासनं इचारायचं हुतं.
कुणी दुरुस्त केला?’

वीस वर्षं खिशात हात घालत आलो होतो.
काल घातला नाही.
नाव सांगितलं नुसतं,
गावाकडच्या माणसाचं सांगावं तसं,
पुढं बिरुद नाही, मागं भाषण नाही.

‘हां,’ म्हणाला बिरू. एवढंच.
डबा विसळला, खांद्यावर टॉवेल टाकला,
आणि हळकुंडांच्या धुरळ्यात दिसेनासा झाला.

आज परत तीच सावली, तेच दोन डबे.
मी डोळे मिटले,
आणि का कोण जाणे, मध्येच किलकिले केले.

बिरूचा हात ठेच्यावर अधांतरी थांबलेला.
डोळे उघडेच. ओठ मिटलेले.
पोतं ठेवल्यावर काटा ठरेपर्यंत
कुणी थांबावं, तसा थांबलेला.

‘आमेन,’ मी म्हणालो.

‘झालं? आटप मग,’ तो म्हणाला,
‘दुधगावची गाडी लागलीया.’