अकरा मिलिमीटर

डशांगच्या टेकडीवर वीज गेली की
ओनोरीन आधी उबवणपेटीला हात लावते,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.
सदतीस अंश. अजून तरी.

आत चोवीस काचेच्या बश्या, गोठलेला आगर,
आणि त्यावर पसरलेले जंतू,
कुणा मोटारसायकलवाल्याच्या पायाच्या जखमेतले.
दवाखान्याच्या चिठ्ठीवर त्याचं नाव नाही. नुसतं बारा-ब.

साल मा न्गेगीमच्या घरून आलेली.
तीन आठवडे सावलीत वाळवली, कुटली, चाळली,
दोन रात्री मिथेनॉलमध्ये बुडवून ठेवली.
अर्क निघाला काळपट, चिवट,
त्याचा वास रात्री उकडलेल्या केळ्यालाही लागला.

सकाळी तिने बश्या उजेडाकडे धरल्या.
प्रतिजैविकाच्या चकतीभोवती अठ्ठावीस मिलिमीटर,
झाडून काढल्यासारखं गोल अंगण.
सालीच्या अर्काभोवती अकरा.
अकरा!
प्रबंधाचं शीर्षक मनात लिहूनही झालं,
आणि मग नजर गेली शेवटच्या खळग्याकडे,
जिथे सालच नव्हती, होतं निव्वळ मिथेनॉल.
दहा.
पुन्हा मोजलं. साडेदहा.
वहीत आकडा उतरवताना
पेन्सिलीचं टोक मोडलं.

रविवारी ती मीठ आणि साबण घेऊन
बाजारामागच्या त्या घरी गेली.
वाटभर वाक्य जुळवत होती:
तसं नाही की तुमचं औषध खोटं,
म्हणजे बशीत आणि माणसात फरक असतोच, म्हणजे...

म्हातारीने अळकुड्या सोलत सगळं ऐकून घेतलं.
"ती साल होय? ती माश्यांसाठी.
धुरी दिली की जखमेवर बसत नाहीत मेल्या.
जखमेला मी कशाला काही लावू?
जखम दिसली की मी मोटारसायकल बोलावते
आणि दवाखान्यात धाडते.
परवा तर मोटारसायकलवाल्यालाच
दुसऱ्याच्या मागे बसवून धाडला.
तुझ्या त्या पोराने विचारलं,
जखम झाली की काय वापरता?
मी सांगितलं.
कशासाठी, ते त्याने विचारलं नाही."

सोमवारी चोवीस बश्या वाफेच्या भांड्यात गेल्या.
ओनोरीन मुरंब्याची रिकामी बरणी घेऊन
कत्तलखान्यामागे उभी आहे,
झाकण एका हातात, दुसऱ्या हातात माशाचं डोकं.
जिवंत माश्या मोजायच्या कशा,
हे तिला अजून कुठे सापडलेलं नाही.