दोन रेघांच्या मधे

पंप अजून गरम हाय, लुमाण्णा.
टाकीचं टोपण काढू नको.
बांधावर बस जरा.
बिडी तिकडं, सागाखाली,
आणि विझवून ये.

ह्यो जुन्या फवाऱ्यासारखा न्हवं की
पेट्रोलात तेल कालवून पाजायला.
गेल्या साली पाजलंस,
तर निळा धूर पार नंदगडच्या वाटेवर
आणि मल्लव्वा कुंपणावरनं,
'एन सुडाकत्तीरी?'

सपाट दगडावर ठेव आधी.
तेलाची काडी काढ,
पूस माझ्या फाटक्या इरकलीनं,
परत घाल, परत बघ.
खालच्या रेघेच्या वर,
वरच्या रेघेच्या खाली.
दोन रेघांच्या मधे कसं ऱ्हायचं
हे हितल्या माणसाला
कुणी शिकवायचं?

आता पेट्रोल.
नरसाळं धर, हात थरथरतोय तुझा.
काठोकाठ न्हाई,
दोन बोटं मोकळी सोड,
उन्हात तेबी फुगतंय.
सांडलं? पूस. वाळू दे.
डबा घेऊन जा लांब, दहा पावलं,
माझी न्हवं, तुझी.

वड दोरी.
पहिल्यांदा लागायचा न्हाई.
दुसऱ्यांदा बी न्हाई.
शिव्या नको घालू त्याला,
मलप्रभा काय पळून जात न्हाई.

तिसऱ्याला
दोरी माझ्याकडं दे.