कमरेचा चौथा मणका

पाच महिने तोक्तोसून पाठ धरून बसला होता
आणि पाठ त्याला.
नारीनच्या इस्पितळात आला तेव्हा
घोड्यावरून उतरवायला दोघे लागले.
रोज संध्याकाळी ताप, रात्री घामानं भिजलेली गोधडी.
खालच्या गावात कुणी क्षयाचं औषध देऊन पाहिलं होतं.
क्षय नव्हता.

मी विचारलं, कोकरू अडलं की हात घालता?
म्हणाला, मग काय पळी घालू?
आणि दूध?
धारोष्ण. बाप प्यायला, आजा प्यायला.
जणू मी त्याच्या आईविषयीच काही बोलले होते.

रक्ताची बाटली उबेला ठेवली.
हा जंतू सावकाश उगवतो, घाई करणाऱ्याला चकवतो.
सहाव्या दिवशी चिनाराचा प्रयोगशाळेतून फोन,
कुजबुजत, बाटलीला ऐकू जाईल अशा बेतानं:
आलाय.

बिश्केकहून फिल्म आली.
त्यानं ती खिडकीकडे धरली आणि बोट ठेवलं
मी दाखवायच्या आधी, अचूक,
चौथ्या-पाचव्याच्या मधल्या कुरतडलेल्या गादीवर.
जन्मभर मेंढ्या सोललेल्या माणसाला मी हाडं काय शिकवणार!
"हा तुकडा मानाच्या पाहुण्याला वाढत नाहीत," म्हणाला,
आणि हसताना कळवळला.

चिरायचं नाही, हे मी ठरवलं.
ठरवलं, आणि त्या रात्री डोळा लागला नाही.
रोज सकाळी त्याच्या पायाच्या अंगठ्याला सांगायचे, वर.
अंगठा वर यायचा.
मग मी चहा प्यायचे.

आधी सुया, मग दोन तऱ्हेच्या गोळ्या,
तीन महिने, कदाचित जास्त.
लघवी केशरी होईल हे सांगायची राहिले;
पहाटे त्यानं अख्खा वॉर्ड उठवला.
डोळ्यांतलं पाणीसुद्धा, मी म्हटलं.
ते कशाला येतंय, म्हणाला.

एप्रिलात वर गेले, बर्फ अर्धं उतरलेलं.
कमरेला पट्टा, कुंपणाला टेकलेला, नुसत्या सूचना देत होता.
अनारकुल कोपरापर्यंत मी दिलेले हातमोजे चढवून
मेंढीमागं गुडघ्यांवर.
कोकरू आलं ओलं, लडबडत, मागच्या पायांवर आधी उठलं.
त्याला हात लावायची बंदी होती.
नाही लावला.

माझ्यापुढे वाडगा केला. वाफ येत होती.
"तीनदा उकळलंय," तो म्हणाला, जरा रागानंच.
मग रुमालानं डोळे पुसले.
रुमालावर केशरी डाग.
"वारा," तो म्हणाला.
वारा नव्हता.
मी दूध प्यायले.